शिवडीच्या दफनभूमीत काका बॅप्टिस्टा

दोन नोव्हेंबर हा कॅथलिक ख्रिस्ती समाजात मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या दारात झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन माणसांची रीघ लागते. मी टिळकांचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांची कबर पाहण्याच्या हेतूने गेलो होतो. परंतु आत शिरताच पहिल्यांदा दिसल्या त्या एक आजी. पदर खोचून, काथ्याच्या जुडग्याने त्या एका साध्या कबरीवरचे शेवाळ खरवडत होत्या आणि शेजारी बसलेल्या नातवाला अधूनमधून बादलीतले पाणी ओतायला सांगत होत्या. त्यांची मराठी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ रहिवासी ख्रिस्ती समाजाच्या, वळणाची होती. ही मराठी मुंबईत आपल्यापैकी पुष्कळांच्या आधीपासून बोलली जात आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

या जागेवर पूर्वी कृषी आणि उद्यानविद्येच्या एका संस्थेची बाग होती. १८६०च्या दशकात शहराला नव्या दफनभूमीची गरज भासू लागली, कारण युरोपियन लोकांची आधीची दफनभूमी सोनापूरला, म्हणजे आजच्या मरीन लाइन्स परिसरात, वस्तीच्या वेढ्यात सापडली होती. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात शिवडीची जागा दफनासाठी मुक्रर झाली; बाग भायखळ्याला गेली आणि तिचीच पुढे आपली राणीची बाग झाली.

आत वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आहेत. त्यांचे बोरीबंदरचे स्थानक, म्हणजे आजचे सीएसएमटी, १८७८ मध्ये बांधायला घेतले आणि त्याला दहा वर्षे लागली. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, ती १८९३ मध्ये पुरी झाली. १९०० साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते मुंबईतच हिवतापाने गेले. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेटही येथेच आहेत. गेटवेचे १९२४ मध्ये उद्घाटन झाले आणि दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, विटेट हगवणीने दगावले. त्यांनीच आराखडा केलेले परळचे के. ई. एम. रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले होते, आणि ते येथून फार लांबही नाही. ज्यांच्या इमारती आपण रोज पाहतो, त्या दोघांनाही या शहराच्या हवापाण्याने नेले.

मराठी माणसाने शिवडीला जावे ते मात्र जोसेफ बॅप्टिस्टा यांच्यासाठी. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले हे ईस्ट इंडियन गृहस्थ पुण्यात शिकले, केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर होऊन परतले आणि टिळकांच्या इतक्या निकटचे झाले की एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात स्वराज्याची मागणी करणाऱ्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न ठेवता त्यांच्याकडे सोपवले. चिटणीस होते न. चिं. केळकर. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही घोषणा मुळात काकांची, असे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्या वादात फारसा रस नाही. चाळीतल्या कामगारापासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत सगळे ज्याला ‘काका’ म्हणत, त्याचे मोठेपण एका वाक्याच्या मालकीवर अवलंबून नाही. १९२० मध्ये देशातील कामगार संघटनांची पहिली मध्यवर्ती संस्था असलेली आयटक उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. १९३० च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे. पण तेथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या किती जणांना हे बॅप्टिस्टा कोण ते सांगता येईल, याची मला शंका आहे.

कबरीच्या दगडावर नाव असते, दोन तारखा असतात आणि बहुधा बायबलमधील एखादी ओळ. माणसाने केलेले काम शहरात अन्यत्र असते आणि ते ठाऊक करूनच येथे यावे लागते. ही तयारी न करता आलो असतो, तर डॉम मोराइस यांच्यासाठी माझी पावले थबकली नसती. १९५८ साली, विशीत असताना, पहिल्याच कवितासंग्रहासाठी इंग्लंडचा हॉथॉर्नडन पुरस्कार मिळवणारा हा मुंबईकर इंग्रजी कवी २००४ मध्ये वारला. त्याच्या इच्छेनुसार शिवडीच्या कबरीतील माती इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या ऑडकम या खेड्यात नेऊन पुरण्यात आली. ते गाव थॉमस कोरिएटचे, जो सतराव्या शतकात पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेस मरण पावला.

परत निघालो तेव्हा आजींचे काम आटोपले होते. दगड ओला होता, म्हणून मेणबत्ती टिकेना. नातू तळहाताचा आडोसा धरून बसला होता आणि आजी त्याला हात भाजेल म्हणून रागावत होत्या.