आमची वाटचाल: दोन सेट, एक भार

2005 नंतरच्या भारनियमनात पांढरकवड्याला आमचं जनरेटरचं दुकान उभं राहिलं. पुढची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते एका जिनिंगचं.

ऐन आवकीत तिथं लाईन नसताना 250 आणि 125 केव्हीएचे जनरेटर सेट पॅरललला, म्हणजे एकाच भारावर जोडून, चालायचे. डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग सांभाळणारे दोन्ही गव्हर्नर मी 4 टक्के ड्रूपवर लावले होते, म्हणजे भार वाढेल तसा वेग पूर्ण भारापर्यंत 4 टक्के उतरतो. रिकामे असताना 52 हर्ट्झ, पूर्ण भारावर 50. भार आला की दोघं सारखेच मंदावतात आणि आपापल्या ताकदीनं वाटून घेतात. 150 किलोवॅटला मोठ्यावर 100, लहान्यावर 50, फ्रिक्वेन्सी 51. गाठीच्या प्रेसचा पंप सुरू झाला की दोन्ही मीटरचे काटे जोडीनं उठायचे. ते पाहायला मी मुद्दाम थांबायचो.

मग शहरातल्या एका कंपनीच्या माणसानं मालकाला पटवलं, ‘फ्रिक्वेन्सी हलते म्हणजे सेटिंग कच्चं.’ त्यानं दोन्हीकडचा ड्रूप शून्य केला. दोघांत भार वाटून देणारी लोड शेअरिंगची वायर ओढलीच नाही, वरून सेट उलटा मोटरसारखा फिरू लागला की त्याला तोडणारा रिव्हर्स पॉवर रिले काढून ठेवला. दोन गव्हर्नरांचं 50 हुबेहूब एक कधीच नसतं. जो केसभर वर, तो सगळा भार अंगावर घेतो. त्या रात्री लहाना मोटरसारखा फिरत राहिला, मोठा ओव्हरलोडनं ट्रिप झाला, आणि सरकी काढणारे सगळे रेचे बंद. बोल मात्र आम्हाला, ‘मूळ जोडणी तुमची.’ बाकीच्या जिनिंगवाल्यांनीही कामं काढून घेतली. लेथ विकून पोरांचे पगार दिले.

फक्त घाटंजीचे दालमिलवाले काका हलले नाहीत. ‘सेट तू लावले ना भाऊ, मंग तूच पाह्य,’ एवढंच बोलले. दोन सेट कधी जोडायचे हे दाखवणारी माझी बल्बची फळी त्यांच्याकडे आजही आहे. प्रत्येक फेजला दोन बल्ब सिरीजमध्ये. तिन्ही जोड्या एकदम विझल्या तरच दोन्ही सेट जोडणारा ब्रेकर लावायचा. एकामागून एक विझत असतील तर फेजचा क्रम उलटा आहे, हात लावू नका. आणि व्होल्टेज वाढवून भार सरकवायला जाऊ नका. किलोवॅट डिझेलनं सरकतात, व्होल्टेजनं दोन सेटमधला फिरता करंटच वाढतो.

पुढच्या हंगामात जिनिंगनं बोलावलं. मी पुन्हा 4 टक्के लावले, काटे पुन्हा जोडीनं उठले. चूक आमची नव्हती, हे मालकानं अजून चारचौघांत म्हटलेलं नाही.