एकटीचे रोजे

रमजानचे रोजे मी तेराव्या वर्षापासून धरते आहे, पण खरं सांगायचं तर त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही. घर उठतं म्हणून आपण उठतो. पहाटे मशिदीतून पुकारा होतो, भिंतीपलीकडे भांडी वाजतात, संध्याकाळी गल्लीभर भज्यांचा वास सुटतो. सगळेच उपाशी असले की उपाशीपणाची निम्मी धार गेलेली असते. नफिल, म्हणजे आपखुशीच्या, रोज्याला यातलं काही नाही. तुम्ही उठता, अंधारात एकटीच चपाती-दूध खाता आणि परत झोपायला जाता. नवरा कूस बदलून विचारतो, "काय झालं?"

2025 च्या बकरीदच्या आधीचे नऊही रोजे धरायचे असं मी ठरवलं होतं. कुराणात बारा महिन्यांपैकी चार महिने पवित्र सांगितलेत; त्यांची नावं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांमध्ये, आहेत: जिल्काद, जिल्हज, मोहरम आणि रज्जब. त्यातही जिल्हजच्या पहिल्या दहा दिवसांत केलेली नेक कामं अल्लाहला सगळ्यात प्यारी, असं हदीसमध्ये आहे. दहावा दिवस ईदचा, त्या दिवशी रोजा धरायचाच नाही. उरले नऊ. त्यातला नववा, म्हणजे अरफाचा, सगळ्यात मोठा; त्या एका रोज्याने मागच्या आणि पुढच्या वर्षाचे गुन्हे माफ होतात असं सांगतात. चाळिशीच्या उंबरठ्यावर हा सौदा मला बरा वाटला.

अडचण एकच होती. माझे रमजानचे सहा रोजे बाकी होते. बायकांचे दर रमजानला काही ना काही सुटतातच, ते पुढे भरून काढायचे असतात. त्याला कजा म्हणतात. मग या दिवसांत आधी काय धरायचं, कजा की नफिल?

माझं माहेर चिपळूणकडचं, शाफई. सासर कराडचं, हनफी. हे धर्मनियमांचे दोन वेगळे पंथ. मधे एक कुंभार्ली घाट आहे, पण मसला, म्हणजे धर्मनियमाचा प्रश्न, विचारला की घाटाच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळी उत्तरं येतात. अम्मी फोनवर म्हणाली, "घाई कशाला करतेस? पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांचे कजा रोजेसुद्धा शाबानपर्यंत, पुढच्या रमजानच्या आदल्या महिन्यापर्यंत, राहायचे. अरफा वर्षातून एकदाच येतो." इथल्या मौलानांना नवऱ्यामार्फत विचारलं. ते म्हणाले, कजा हे कर्ज आहे आणि नफिल ही भेट; कर्ज डोक्यावर ठेवून भेट द्यायला जाऊ नये. या दिवसांत कजा धरले तरी दिवसांची बरकत मिळेल अशी उमेद ठेवा. मी पतसंस्थेत कारकून आहे. कर्ज आधी, हे मला लगेच पटलं. पहिले सहा दिवस कजा, पुढचे तीन नफिल असा हिशेब मी मांडला.

यात एक बारीक नियम आहे, तो नव्याने धरणाऱ्यांना माहीत असावा. नफिल रोज्याची नियत, म्हणजे मनातला संकल्प, सकाळी उशिरापर्यंत करता येते, फक्त पहाटेपासून पोटात काही गेलेलं नको. कजाचं तसं नाही, नियत रात्रीच हवी. म्हणजे "सकाळी उठून बघू, जमलं तर" ही पळवाट बंद.

29 मे, गुरुवार, चांदची पहिली. त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला होता. मला वाटलं, गारवा असेल, तहान लागणार नाही. पण पाऊस तेवढ्यापुरता येऊन पुन्हा दडी मारून बसला आणि उकाडा मागे राहिला. मार्चमधला रमजानचा रोजा तेरा तासांचा होता, हा साडेचौदा तासांचा. पहाटे साडेचारच्या आत सहरी उरकायची आणि संध्याकाळी सव्वासातची वाट बघायची.

भुकेचं मला काही वाटलं नाही. मला मारलं चहाने. अकरा वाजता पतसंस्थेत चहावाल्या पोराने ट्रे फिरवला आणि कपाळाच्या डाव्या बाजूला जी ठणक सुरू झाली ती संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजापर्यंत. रमजानमध्ये तिसऱ्या-चौथ्या रोज्याला डोकं चहा विसरतं. सुटे रोजे धरले की त्याला विसरायला वेळच मिळत नाही, दर वेळी पहिला दिवस. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आठवडाभर आधीपासून अर्ध्या कपावर आले असते. तेवढं कराच.

दुसरा घोळ डब्याचा. नफिल रोजा गाजवू नये, दिखावा झाला की सवाब (पुण्य) गेला, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे सोबतच्या बाईंनी "डबा नाही आणला?" विचारल्यावर मी म्हणाले, "आज पोट जरा बरं नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून ओव्याची पुडी आणली. ती पुडी हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिखावा टाळायला मी रोज्यात रोज खोटं बोलत होते! अम्मीला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "कुणी भांडायला आलं तर 'मी रोज्यात आहे' असं सांगा, हे खुद्द हदीसमध्ये आहे. मग ओवा देणारीला सांगायला काय झालं?"

त्याच दिवसांत दुपारचा अर्धा तास मोकळा सापडला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे आत जेवायला बसले की मी काउंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसायची. तिथे पैसे काढायची स्लिप भरता न येणारी म्हातारी माणसं ताटकळत असतात. एका आजीची भरली, मग दुसरीची. तिसऱ्या दिवशी त्या पाच जणींना घेऊन आल्या.

आणि चौथ्या रोज्याला, रविवारी, दुपारी दोन वाजता माझी सुट्टी सुरू झाली. बायकांना कळेल कसली ते. सकाळपासूनचा रोजा गेला, तो धरला जात नाही, पुन्हा भरावा लागतो. मी मनात दिवस मोजले. सहा दिवस, म्हणजे अरफाच्या संध्याकाळपर्यंत. हिशेबाच्या वहीत सगळं मांडलं होतं, हेच मांडायचं राहिलं होतं. खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

गुरुवारी खालाचा, म्हणजे मावशीचा, फोन आला. ती हजला गेली होती आणि अरफातच्या मैदानातून बोलत होती. मागे नुसता कल्लोळ. "आज अरफा, दुआ करतेय तुझ्यासाठी." तिथे नववी होती, आमच्या कराडात आठवी, चांद तिथे एक दिवस आधी दिसला होता. यावरून दर वर्षी घरात वाद होतो. दीर म्हणतो, हाजी ज्या दिवशी अरफातवर त्याच दिवशी रोजा धरा. सासरे म्हणतात, ईद इथल्या चांदावर करता ना, मग रोजाही इथल्याच नववीला. मला सासऱ्यांचं पटतं. गंमत म्हणजे खुद्द हाजींनी त्या दिवशी अरफातवर रोजा न धरणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांची रीत, आहे. उन्हात उभं राहून दुआ मागायला अंगात ताकद हवी. खालाला मी म्हणाले, "मीपण जेवलेय आज." ती म्हणाली, "मग आपण दोघी सारख्याच."

शुक्रवारी नवरा आणि सासूबाई रोज्यात होते. मला नमाज नाही, रोजा नाही. पण तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', म्हणायला, दुआ मागायला, द्यायला-घालायला कुणाची मनाई नाही. रोजा सोडवणाऱ्यालाही रोजेदाराइतकाच सवाब, म्हणून इफ्तारी मी केली. तीन खजूर, पाणी, कांद्याची भजी. सासूबाईंना भजं वातड लागलं, तसं त्यांनी सांगितलंही. आणि स्लिपांचं काम थांबवता येईना. मी आता जेवू शकत होते, पण आजी एक वाजता बाकड्यावर हजर. मग माझा डबा दीड वाजता गार खायची सवय लागली.

ईद 7 जूनला झाली. पुढचे तीन दिवसही रोजा मना. मग उरलेले तीन कजा सोमवार-गुरुवार बघून फेडले: 12, 16 आणि 19 जून. सोळाला शाळा उघडली. मुलीच्या डब्याची भाजी चाखता येईना, अंदाजाने मीठ टाकलं. डबा भरलेलाच परत आला. "अम्मी, तुझा रोजा असला की मलापण उपाशी ठेवतेस!"

अरफा हुकला होता, पण पुढे मोहरम होता. रमजाननंतर सगळ्यात फजिलतीचे, म्हणजे पुण्याचे, रोजे या महिन्यातले. दहावीचा, आशुराचा, रोजा मागच्या एका वर्षासाठी. हा इमाम हुसेन शहीद झाले त्या करबलाच्या कितीतरी आधीपासूनचा. पैगंबरसाहेब मदीनेत आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी रोजा धरत, कारण हजरत मूसा आणि त्यांच्या लोकांची फिरऔनच्या, म्हणजे मिसरच्या बादशहाच्या, हातून याच दिवशी सुटका झाली होती. पुढच्या वर्षी नववीलाही धरेन असं त्यांनी म्हटलं होतं, म्हणून नववी-दहावी किंवा दहावी-अकरावी अशी जोडी धरतात. आमच्या घरात मात्र मोहरम म्हटलं की आधी इमाम हुसेन, हिजरी 61 मधली करबला, पंजे, ताबूत आणि गोड चोंगे. सासऱ्यांनी तरुणपणी सवारी खांद्यावर घेतलेली आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, पण सांगलीकडच्या कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटीचं वर्णन ते दर वर्षी तितक्याच आवाजात करतात. दीर म्हणतो, हे सगळं सोडा, फक्त रोजा धरा. सासूबाई दोघांकडे बघत चोंग्यांची कणीक तिंबत असतात. मी चोंगे खाते आणि रोजाही धरते. माझ्यापुरता वाद मिटलेला आहे.

या वेळी मोजदाद करायची हिंमत नव्हती. 27 जूनला पहिली, म्हणजे दहावी 6 जुलैला, आणि माझी सुट्टी 29 जूनपासून. 4 जुलैच्या रात्री सुट्टी संपल्यावरचं गुस्ल, म्हणजे शुद्धीची अंघोळ, केलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाच तासांनी सहरी. इतक्या खुशीत मी रमजानलाही कधी उठले नाही.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकू विचारायला आल्या, "अगं, उद्या आमची आषाढी. तुझ्याकडे रताळी आहेत का जास्तीची?" मी म्हणाले, "रताळी नाहीत, पण उद्या माझापण उपास आहे." लपवायचं प्रकरण ओव्याच्या पुडीपाशीच संपलं होतं.

तसं 2024 लाही आशुरा आणि आषाढी एकाच दिवशी, 17 जुलैला आली होती. माझा रोजा नसल्यामुळे मला पत्ता नव्हता. काकूंनी कालनिर्णयावर बोट ठेवून समजावलं. चांदची दहावी म्हणजे शुद्ध एकादशी नाहीतर तिच्या आगेमागेच पडणार, कारण चंद्र एकच. फरक पडतो तो अधिक महिन्याने. 2023 ला आषाढी आणि बकरीद दोन्ही 29 जूनला होती. तेव्हा कितीतरी गावांत मुसलमानांनी आपणहून कुर्बानी पुढच्या दिवशी केली. त्याच वर्षी अधिक श्रावण पडला आणि आषाढीने बकरीद सोडून मोहरम धरला.

रविवारी दिवसभर भुरभुर. सुट्टी असल्यामुळे चहाचा ट्रे नाही, डोकं शांत. दुपारी काकूंकडे टीव्हीवर पंढरपूर चालू होतं, त्यांनी मलाही बोलावलं. त्या मधूनमधून शेंगदाणे तोंडात टाकत होत्या, आणि दर वेळी माझ्याकडे बघून ओशाळत होत्या. शेवटी मीच म्हणाले, "काकू, खा हो. माझा रोजा आहे, तुमचा नाही."

इफ्तारीला त्यांना बोलवायचं तर ताटात एकादशीला चालेल तेवढंच हवं. भजी बाद, कांदा बाद, सासूबाईंचे चोंगे गव्हाचे, तेही बाद. उरलं खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, लिंबाचं सरबत. बघितलं तर इफ्तारी यानेच सुरू करायची असते, पुढचं तळकट आपण वाढवलेलं. सव्वासाताला काकू आल्या त्या साबुदाण्याची खिचडी घेऊनच. अजान झाली, मी खजूर तोंडात टाकला, त्यांनीही टाकला. माझा रोजा संपला, त्यांची एकादशी सोमवारी सकाळी सुटणार होती.

खिचडी मी आग्रहाखातर दोन वाट्या खाल्ली. दिवसभराच्या रिकाम्या पोटावर साबुदाणा आणि हिरवी मिरची! रात्री दोनपर्यंत छातीत जळत होतं. इफ्तारीला साबुदाणा खाऊ नका.

सोमवारी भांडं परत द्यायला गेले तर काकू पंचांग घेऊन बसल्या होत्या. "पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे गं. जावयाला वाण द्यायचंय, आतापासून पैसे बाजूला टाकते. म्हणजे आमची आषाढी जाईल जुलैअखेर, 25 ला. तुझं?"

मी बोटांवर मोजलं. "आमचं अकरा दिवस अलीकडे येणार. जूनच्या शेवटी."

"म्हणजे मी जेवलेली असणार त्या दिवशी."

"मग केळी तेवढी आणा," मी म्हणाले. "खिचडी नको."