इशापूर २ए१ आणि किटलीभर गरम पाणी

आज टेक्सासच्या रेंजवर भारतातल्या इशापूर कारखान्याची २ए१ रायफल. थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण दिसते, पण गोळी ७.६२ × ५१ची; .३०३ चालत नाही. सरप्लस, म्हणजे लष्कराने काढून टाकलेली जुनी रायफल, घेताना लाकडाच्या चकाकीला भुलू नका. बोल्टवरचा (गोळीमागे बंद होणारा दांडा) नंबर रिसीव्हरशी (बोल्ट बसतो ती मुख्य चौकट) जुळवा. चेंबरमधलं (गोळी बसते ती जागा) जुनं ग्रीस पुसून मगच हेडस्पेस गेज, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधली जागा मोजणारं माप, लावा, नाहीतर गेज खोटं बोलतं. ‘फील्ड’ गेजवर (चालणाऱ्या जागेची शेवटची मर्यादा) बोल्ट बंद झाला तर रायफल परत ठेवा.

जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणारी बुडाची टोपी) बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड नळीत बसतं. म्हणजे मीठच! दमट हवेत लगेच गंज. तेलात ते विरघळत नाही. आधी चेंबरकडून गरम पाणी, मग कोरडे पॅच (कापडाचे तुकडे), तेल शेवटी. बोल्टहेडही धुवा, तेच हमखास धुवायचं राहतं.