प्रामाणिकपणा: ब

सोमवार

नवी प्रगतिपत्रकं आली. पुढचं पान नेहमीचंच. मागच्या पानावर मात्र यंदा एक तक्ता वाढलाय: प्रामाणिकपणा, सेवाभाव, क्षमाशीलता, इतरांचा आदर, सृष्टीची काळजी. प्रत्येकासमोर एक चौकट, आणि चौकटीत भरायचं अ, ब, क नाहीतर ड. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत सिस्टरांच्या टेबलावर हवीत. 38 मुलं, 5 मूल्यं, म्हणजे 190 अक्षरं.

आजच्या सगळ्या ऑफ तासांत मिळून 4 मुलांची झाली. गणितात 62 दिले तर 62 का, हे मी कोणालाही सांगू शकते. उत्तरपत्रिका कपाटात आहे. पण प्रामाणिकपणात 'ब' म्हणजे काय? आठवड्यातून दोनदाच खोटं बोलतो? की बोलतो पुष्कळ, सापडतो दोनदाच? एका मुलीला मी बिनदिक्कत 'अ' देऊन टाकला. तिच्याबद्दल मला खात्रीने माहीत आहे ते एवढंच, की ती माझ्या देखत कधी चुकत नाही.

क्षमाशीलतेपाशी तर पेन खालीच ठेवलं. माझी चौकट कोणी भरायला घेतली तर? दोन वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये मला ऐकावं लागलेलं एक बोलणं अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

मंगळवार

फादरांना गाठलं. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की ते शाळेतून एक फेरी मारतात. म्हटलं, "फादर, हे मोजायचं कसं?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "टीचर, न मोजता पालकांना काय दाखवायचं?" पालकसभेत दरवेळी कोणीतरी उठतं म्हणे, मूल्यशिक्षण मूल्यशिक्षण म्हणता, ते दिसतं कुठे? आणि हे विचारणं गैर नाही, असं फादरांचं म्हणणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ऑक्टोबर 1965 मध्ये शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यातच आहे की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील, शाळा त्यांच्या मदतीला. "मग त्यांना हिशेब द्यायला नको?" असं म्हणून हसत पुढे गेले.

हिशेबाला माझी ना नाही. तो कुठल्या वहीत लिहायचा, एवढंच विचारायचं होतं.

मी स्वतः कॅथलिक नाही. पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, शाळेत नोकरी लागली तेव्हा घरी थोडी कुजबुज झाली होती, तिलाही आता 11 वर्षं झाली. दुपारी 12 ला चर्चची घंटा वाजते, वर्ग उभा राहतो, ज्यांची प्रार्थना आहे ती मुलं म्हणतात, बाकीची शांत उभी राहतात. कोणी कोणाला ओठ हलवायला लावत नाही. त्याच परिषदेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धर्मस्वातंत्र्यावर दुसरा जाहीरनामा काढला होता. धर्माच्या बाबतीत सक्ती नको, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांचा, मूल्यांचा तास सगळ्यांचा, अशी आमच्याकडची वाटणी. माझ्या वाट्याला हा दुसरा आला आणि तो मला मनापासून आवडतो. म्हणून तर या चौकटी इतक्या टोचतायत.

बुधवार

विज्ञानाच्या पेपरात माझी बेरीज चुकली होती. 41 चे 43 झाले होते. ज्याचा पेपर, तोच पोरगा मधल्या सुट्टीत घेऊन आला. "टीचर, 2 जास्त आहेत." मी पुन्हा बेरीज केली, 2 कापले, "शाबास" म्हटलं. दाराबाहेर त्याचा मित्र त्याच्यावर खेकसलेला मला ऐकू आला, "गप्प बसता येत नव्हतं?"

याच मुलाच्या प्रामाणिकपणासमोर मी सोमवारी 'ब' लिहिलंय. कारण मागे कधीतरी त्याने वही हरवल्याची थाप मारली होती. आता 'ब' खोडून 'अ' करू? म्हणजे 2 गुण दिले आणि एक अक्षर घेतलं, असा सौदाच झाला. त्याने ते अक्षरासाठी केलं नव्हतं. मी आज अक्षर चिकटवलं, तर पुढच्या वेळी तो कशासाठी करेल?

रात्री शिक्षक-शिबिरातली जुनी टिपणं काढली. त्यात जॉन बाप्टिस्ट द ला साल यांच्याबद्दल बरंच उतरवून घेतलं होतं. 1651 चा जन्म, फ्रान्समधल्या रँसच्या श्रीमंत घरातला, कॅथेड्रलमध्ये मानाचं पद असलेला माणूस. ते सोडून गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्या चालवायला शिक्षक घडवत बसला. मुलांना आधी लॅटिन नाही, त्यांच्या बोलण्यातली फ्रेंच वाचायला शिकवायची, हा त्यांचा हट्ट. 1950 मध्ये पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरवलं. या शाळा कशा चालवायच्या ते सांगणारं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, 1720 मध्ये छापलं गेलं. शिस्त त्यात कडक आहे. वर्गात इतकी शांतता हवी की शिक्षकानेही बोलण्याऐवजी हातातल्या एका लहानशा साधनाने टकटक करून खुणा द्यायच्या. माझा वर्ग पाहून त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

पण मी शोधत होते ते सापडलं. वर्षाच्या शेवटी शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या गुणदोषांची एक नोंद करायची: स्वभाव कसा, वागणं कसं, गैरहजर राहतो का आणि कशामुळे, घरी फाजील लाड होतात का. ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकाच्या हाती द्यायची, म्हणजे त्याला पोराशी कसं वागायचं ते कळेल. अक्षर नाही, श्रेणी नाही. एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगितलेलं. तीनशे वर्षांपूर्वी!

कोरी वही घेतली आणि हजेरीपटाच्या क्रमाने एकेका मुलाबद्दल एकेक वाक्य लिहायला बसले. 'स्वतःची चूक सांगायला स्वतः येतो, दुसऱ्याची सांगायला येत नाही.' 'मदत करते, पण कोणी पाहत असेल तर जास्त.' 'रागावला की फळ्याकडे पाठ करून बसतो; दहा मिनिटं सोडून द्यावं.' हात भरभर चालत होता. साडेअकराला मोजलं तर 31 झाली होती.

7 नावांसमोर काहीच नाही. आठवून आठवून पाहिलं. ही मुलं दंगा करत नाहीत, बक्षिसं मिळवत नाहीत, त्यांचे पालक तक्रार घेऊन येत नाहीत. वह्या वेळेवर देतात. सोमवारी मी त्यांतल्या दोघांना सरसकट 'ब' देऊन मोकळीही झाले होते. एकीचा तर मला आवाज आठवेना.

गुरुवार

मूल्यांचा तास. या महिन्याचं मूल्य न्याय. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 20 व्या अध्यायातली मळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगते तशी. मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा 9 ला जाऊन काही आणतो, 12 ला, 3 ला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखेच पैसे ठेवतो, आणि तेही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून.

वर्ग पेटला. हे दरवर्षी होतं आणि मी त्याचीच वाट पाहत असते. "अन्याय आहे हा!" "पहाटेपासून उन्हात कोण राबलं?" मॉनिटर म्हणाली, ठरलं होतं तेवढं तर दिलं ना, मग यांचं काय गेलं? तिला तिघांनी मिळून गप्प केलं. मागच्या बाकावरून एकजण उठला, "टीचर, उद्यापासून सगळे 5 वाजताच येणार. हा मळा बुडाला समजा." याला तोड नव्हती, मी पण हसले. मग नेहमीप्रमाणे सांगायला लागले, की इथे देवाच्या औदार्याची गोष्ट चालली आहे, हिशेबाची नाही, वगैरे. ते वाक्य मला झोपेतही म्हणता येतं.

तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं."

"काय म्हणालीस?"

"मालक विचारतो ना, दिवसभर नुसते का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. म्हणजे ते झोपले नव्हते. उभेच होते सकाळपासून."

मी पुस्तक उघडून पाहिलं. आहे ते वाक्य, सातव्या ओवीत. 11 वर्षं मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवतेय.

वर्ग थक्क वगैरे झाला नाही. कोणीतरी "तरीपण" म्हणालं आणि भांडण पुन्हा सुरू झालं, ते घंटेपर्यंत. ती मुलगी परत बोलली नाही. आवाज जरा घोगरा आहे तिचा.

तिच्याबद्दल वहीत काय लिहू हे ठरवायला मला अर्धा तास लागला. तक्त्यात हे बसतच नाही. न्याय नावाची चौकट छापायचीच राहिली आहे.

शुक्रवार

सकाळी डॉन बॉस्को आठवले, गरीब मुलांसाठी शाळा काढणारे एकोणिसाव्या शतकातले इटालियन फादर. त्यांच्या शिक्षणपद्धतीबद्दल आम्हाला शिबिरात तीन शब्द पाठ करून घेतले होते: विवेक, धर्म, वात्सल्य. मला जास्त लक्षात राहिलंय ते त्यांचं 1884 मधलं, रोमहून आपल्या ट्युरिनच्या संस्थेला लिहिलेलं पत्र. मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, असं त्यात आहे. आणि खंत कशाची? तर पूर्वी मोठी माणसं मैदानावर मुलांत मिसळायची, आता मिसळत नाहीत. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये 190 अक्षरं भरत बसलेली!

चहा सोडून खाली गेले. पहिली पाच मिनिटं मुलांना वाटलं, कोणाची तरी तक्रार आली आहे. मी जाईन तिथला खेळ थांबायचा. मग माझी सवय झाली. नळापाशी त्या 7 मधला एकजण उभा दिसला. पहिलीची पोरं एकामागून एक त्याच्यासमोर बाटली धरत होती आणि तो घट्ट बसलेली झाकणं उघडून देत होता. कोणी थँक्यू म्हणत नव्हतं, तोही कोणाकडे पाहत नव्हता. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "रोजचंच आहे त्याचं, टीचर. त्याचा डबा राहून जातो कधीकधी."

शाळा सुटताना सिस्टरांसमोर प्रगतिपत्रकं ठेवली. मागचा तक्ता 34 जणांचा कोरा, आणि 33 पत्रकांना टाचणीने लावलेली एकेक चिठ्ठी. त्यांनी चष्मा लावला. "अक्षरं सांगितली होती." मी म्हटलं, "हो." एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी. मग खुर्ची पुढे ओढून चार-पाच वाचल्या. बेरीज सांगायला आलेल्या मुलाची वाचताना थांबल्या आणि विचारलं, "त्याच्या आईने हे वाचलं तर ती त्याला ओरडेल की नाही, तुम्हाला काय वाटतं?" मला सांगता येईना. 2 गुण गेल्याचं घरी सांगितलंय का त्याने, हेही मी विचारलेलं नाही.

"आणि या 5 जणांना चिठ्ठ्या नाहीत?"

"सोमवारी देते, सिस्टर."

"सोमवारी सकाळी. आणि चौकटीही भरून." चष्मा काढला नाही त्यांनी. पुढची चिठ्ठी उचलली होती.