माडीवरचा मे महिना

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी नाशिकजवळ सातपूरला कंपनीच्या स्टोअरमध्ये बेअरिंगचे खोके मोजत होतो. "संगीत विभागाच्या यशावर दोन पानं लिहा, तुम्ही तर तिथं पडीकच असायचात," असं पलीकडून सांगण्यात आलं. पडीक हा शब्द अगदी बरोबर. यशाच्या बाबतीत मात्र माझी पंचाईत आहे. विभागाला मिळालेला एकही करंडक घ्यायला मी स्टेजच्या पुढच्या कडेपर्यंत गेलेलो नाही. मी मागं बसायचो, तानपुरा घेऊन. प्रमाणपत्रावर गाणाऱ्याचं नाव येतं, तबल्याचं येतं, पेटीचं येतं. तानपुऱ्यासाठी रकानाच नसायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत जे फोटो लावलेत, त्यात नीट पाहिलंत तर गायिकेच्या खांद्यामागं दोन खुंट्या आणि अर्धा कान दिसेल. तो कान माझा.

आता शिकणाऱ्या मुलांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. संस्थेचं महाविद्यालय तेव्हा पुणे विद्यापीठाशी संलग्न होतं, त्यात संगीत विभाग होता, पण त्याला जागा नव्हती. म्हणून तो शाळेच्या माडीवर भरायचा. त्यामुळं व्हायचं काय, की बी.ए.ची मुलं बडा ख्याल घोळवत बसलेली आणि त्यांच्याच सतरंजीच्या टोकाला आम्ही आठवीतली पोरं सारेगमचे पलटे करतोय. दोघांना सर एकच. आठवीत मी गायचो. नववीत आवाज फुटला आणि तो पुन्हा कधी धड जुळलाच नाही. मी वर जाणं बंद केलं. चौथ्या दिवशी सर पाण्याच्या टाकीजवळ गाठून म्हणाले, "गळा गेला, कान कुठं गेलाय? वर ये." गेलो. दहावी झाली, पुढं कॉमर्सला गेलो, तरी माडी सुटली नाही.

यश एका परिच्छेदात उरकतो. समूहगीताचा फिरता करंडक लागोपाठ तीन वर्षं आपल्याकडं होता. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात सुगम आणि शास्त्रीय, दोन्हींत आपली मुलं पुढं गेली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद परीक्षेला आमच्या आगेमागे सहा जण उतरले. दिंडोरीच्या आमच्या मित्राला आकाशवाणीची बी ग्रेड मिळाली, आणि तो तर आमच्यात सगळ्यांत गोड गळ्याचा. आज त्याची द्राक्षबाग आहे. बाकीच्या याद्या समितीकडं आहेतच, त्या त्यांनी छापाव्यात.

मला सांगायचंय ते मे महिन्याबद्दल. करंडक यायचे थंडीत, पण ते तयार व्हायचे उन्हाळ्यात, शाळा रिकामी असताना.

परीक्षा आटोपल्या की सर उन्हाळी वर्ग लावायचे, ५ मे ते २८ मे. तारखा पक्क्या. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर चालणारी गाण्याची शाळा. आणि २८ मे हा त्यांच्या मुलाचा, बापूरावांचा, म्हणजे द. वि. पलुस्करांचा जन्मदिवस, १९२१ सालचा. बाप ते मुलगा असे चोवीस दिवस, असं सर म्हणायचे. बापूराव दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि चौतिसाव्या वर्षी ते स्वतः गेले, हे सांगताना सर दर वर्षी पेटी मिटून घ्यायचे. आम्हाला ते पाठ झालं होतं आणि, खोटं कशाला बोला, आम्ही त्यावर मागं खुसखुसायचोही.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला सगळ्यांनी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जमायचं. तिथून पंचवटीत. मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेल्यावर विष्णु दिगंबर नाशकात आले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. त्या बाजूला तोंड करून एक भैरवची बंदिश म्हणायची, आणि येताना बुधा हलवाईकडून जिलेबी. निम्मी पोरं जिलेबीसाठीच यायची. दिंडोरीकर या पहिल्या दिवसाला कधीच नसायचा. घरी खरड छाटणी उरकली की आठ-दहा तारखेला उगवायचा, हाताला कात्रीचे घट्टे, आणि आल्या आल्या दुपारी वृंदावनी सारंग लावायचा. गंधार-धैवत, म्हणजे ग आणि ध, नसलेला तो राग पत्रे तापलेल्या माडीवर ऐकताना पाणी प्यायल्यासारखं वाटायचं. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. कोमल निषादावर तो जरा रेंगाळायचा आणि मी तानपुऱ्यावरचा हात उगाचच हलका करायचो. तसं करायचं नसतं. गाणारा कुठंही जावो, तानपुऱ्यानं आपली चाल सोडायची नसते. त्यावरून बोलणी खाल्लीयेत.

दुपारचा एक तास लेखी परीक्षेच्या तयारीचा. त्यात मी एकदा असा घोळ घातला की सर अजून भेटले तर तोच काढतील. स्वरलिपी दोन, भातखंड्यांची आणि पलुस्करांची, आणि परीक्षेला दोन्ही लिहाव्या लागतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर दिलं की तो मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला! मी अख्खी बंदिश एका पद्धतीच्या मथळ्याखाली दुसऱ्या पद्धतीच्या टिंबांनी लिहून आलो. सरांनी घरी ती तशीच्या तशी गाऊन दाखवली. जिथं वर जायचं तिथं विहिरीत उतरल्यासारखा आवाज. हसून हसून पेटीवाला आडवा झाला होता.

पण मे महिन्याचं खरं काम वाद्यांचं. कोरड्या हवेत लाकूड आटतं, खुंट्या सटकतात, तबल्याचा सूर चढतो. खाली वर्गांतून उरलेले खडूचे तुकडे गोळा करून आणायचे आणि खुंट्यांना चोळायचे, हे आठवीच्या पोरांचं काम. आमच्याकडं दोन तानपुरे. पेटीच्या काळी एक पट्टीचा तो थोरला, मुलींच्या काळी पाचचा तो धाकटा. थोरल्याची जवारी, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासून सारखी करणं, दर उन्हाळ्यात सर स्वतः काढायचे. तारा टेकतात ती घोडी; वर्षभर तारा घासून तिच्या माथ्यावर चर पडलेले असतात. तारा उतरवायच्या, बारीक कानस घेऊन माथ्याचा उतार पुन्हा सारखा करायचा, पॉलिश पेपर मारायचा, तार चढवायची, ऐकायचं. नाही जमलं की परत तार खाली. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर कानात येते. घाम सरांच्या नाकावरून घोडीवर पडू नये म्हणून मी टॉवेल घेऊन उभा. एकेका तारेला तास-तास जायचा. शेवटी सुताचा दोरा तारेखाली घालून केसभर पुढं, केसभर मागं सरकवायचा. एका जागी तार एकदम उघडते. तोवर नुसतं टण् वाजत असतं, आणि मग त्या टण्चा धागा निघत राहतो, संपतच नाही.

खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा-ची, तार जमली की सर विचारायचे, "गंधार आला का?"

तानपुऱ्यात गंधाराची तार नसते. पंचम, मधला सा-चा जोड आणि खर्ज, एवढंच. पण तार हलते ती नुसती अख्खी हलत नाही, तिच्यातच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते, आणि त्या पाचव्या हिश्श्यातून गंधार निघतो. जवारी चांगली असेल तर स्वच्छ ऐकू येतो. मला दोन उन्हाळे आला नाही. आला म्हणून मान हलवायचो. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा खरंच आला आणि मी इतका दचकलो की सरांना न विचारता कळलं.

आता जे लिहिण्यासाठी दोन पानं मागून घेतली ते. १९९२चा मे. वर्ग सुटला होता, सर जेवायला गेले होते, मला थोरला गवसणीत, म्हणजे त्याच्या कापडी खोळीत, घालून आडवा ठेवायला सांगितलं होतं. मी तो भिंतीला टेकवला आणि रसवंतीवर रस प्यायला गेलो. जाण्याआधी, उकडतंय म्हणून, पश्चिमेच्या खिडकीची आकडी काढली. रस पिऊन होईस्तोवर वावटळ सुटली, वळवाचे थेंब आले. धावत माडीवर आलो तर खिडकीचं फळकूट आदळत होतं आणि थोरला जमिनीवर कुशीला पडलेला. भोपळ्याला तडा, एका ठिकाणाहून तीन फांद्या फुटलेला. मी त्याला गवसणी घातली, नाडी बांधली आणि घरी गेलो. संध्याकाळी गंगेवर वसंत व्याख्यानमाला चालू होती. वडील घेऊन गेले. वक्ते कोण, विषय काय, शपथेवर सांगतो, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला. खिडकी उघडी राहून ऊन लागलं आणि भोपळा तडकला, असं ठरलं. खिडक्या लावायचं काम शिपाईमामांचं. मामांना कार्यालयातून लेखी समज मिळाली. मी तिथंच उभा होतो, हातात खडूचा डबा घेऊन.

सर मला बरोबर घेऊन मिरजेला निघाले. सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, रात्रीची एसटी. तानपुरा मांडीवर आडवा, कंडक्टरनं विचारलं, "ह्याचं अर्धं फाडू का?" सर म्हणाले, "फाडा, म्हणजे बसायला जागा तरी मिळेल." जागा मिळाली नाही. रात्रभर दांडी माझ्या खांद्यावर आणि भोपळा सरांच्या मांडीवर.

मिरजेत सतारमेकर गल्लीत सकाळी पोचलो. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी तंतुवाद्यांकडं वळली ती इथंच, साधारण १८५०च्या सुमारास. ओट्यावर ओळीनं भोपळे वाळत पडलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. विष्णु दिगंबरही बाळकृष्णबुवांकडं शिकले ते याच गावात, असं सर चालता चालता सांगत होते. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो तिथला सरसाचा वास.) कारागीर म्हातारे होते. त्यांनी गवसणी काढली, भोपळा गुडघ्यावर घेतला, बोटाच्या पेरानं टिचक्या मारत तड्यापर्यंत आले आणि सरांकडं न बघता म्हणाले, "उन्हाचा तडा उभा जातो, मास्तर. ह्याला मार लागलाय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "चहा सांग जा तीन."

तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, काढून आतून कापडाची पट्टी बसवायची, वरून सरस आणि लाख, पुन्हा पॉलिश. आठ दिवस लागणार होते. आम्ही दोघं मोकळ्या हातानं परतलो. साताऱ्याच्या पुढं कुठंतरी, गाडीतले सगळे झोपलेले असताना, सर म्हणाले, "मामांना तू सांगशील की मी?"

मी म्हणालो, "मी सांगतो."

त्यानंतर सरांनी हा विषय पुन्हा काढला नाही. थोरला परत आला, त्याची जवारी लागली, आणि त्या थंडीत तिसऱ्यांदा करंडक आणला तो त्याच्यावरच. मामा मला रोज दिसायचे. घंटा देताना, पाण्याच्या टाकीवर, माडीच्या किल्ल्या कमरेला. वर्गाबाहेर उभा राहून मी दोन-तीनदा सुरुवातही केली. "मामा, ते खिडकीचं—" एवढं म्हणालो की ते म्हणायचे, "लावली रं बाबा, लावली, दोन-दोनदा बघतोय आता." मग मामा निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात या लेखाच्या निमित्तानं माडीवर गेलो होतो. आता तिथं संगणक कक्ष आहे. थोरला कपाटाच्या मागं उभा होता, तारा नाहीत, गवसणीही नाही. भोपळ्यावरून हात फिरवला तर मागच्या बाजूला ती जागा अजून लागते, डोळ्यांना दिसत नाही.

मामा ओझरला असतात असं कळलं. स्मरणिकेची एक प्रत त्यांना पोचवावी अशी समितीला विनंती, आणि त्यांना वाचून दाखवणाऱ्यानं बाकी सगळं गाळलं तरी चालेल. मामा, त्या दिवशी खिडकी तुम्ही लावली होती. आकडी मी काढली.