नेटवर्कची चाचणी झाली, माणसांचं काय?

प्लॅनेटलॅब, म्हणजे इंटरनेटवरचे प्रयोग करायला संशोधकांनी मिळून उभं केलेलं सर्व्हरचं जागतिक जाळं, २०२० मध्ये बंद झालं तेव्हा नेटवर्किंगमधल्या जुन्या मंडळींना जरा वाईट वाटलं, बाकी जगाला पत्ताही लागला नाही, आणि त्यात जगाची काही चूक नाही म्हणा. २००२ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे प्रकरण, प्रिन्स्टन विद्यापीठ त्यात पुढे होतं. आयडिया एकदम साधी, प्रत्येक विद्यापीठाने आपले दोन-तीन सर्व्हर त्यात टाकायचे आणि बदल्यात जगभरातल्या बाकीच्यांच्या सर्व्हरवर आपला प्रयोग चालवायचा, थोडक्यात सर्व्हरची भिशीच. वाढत वाढत हजाराच्या वर मशिन्स झाली. प्रत्येक प्रयोगाला प्रत्येक मशिनचा थोडा थोडा हिस्सा मिळायचा, त्याला स्लाइस म्हणायचे. आता ५जीवाले नेटवर्क स्लाइसिंग (एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या कामांसाठी हिस्से) असं काही बोलायला लागले की मला हटकून तेच आठवतं.

एवढा खटाटोप कशाला, तर लॅबमधलं सिम्युलेशन फार आज्ञाधारक असतं. तुम्ही सांगाल तेवढीच पॅकेट्स (डेटाचे तुकडे) हरवणार, तुम्ही सांगाल तेव्हाच लिंक पडणार. खऱ्या इंटरनेटवर कुठल्या तरी देशात रात्री कोणी तरी केबल उपटतं आणि तुमचा सुंदर अल्गोरिदम तोंडावर आपटतो. टेस्टबेड, म्हणजे खऱ्या परिस्थितीत प्रयोग करून बघायची जागा, हवा तो त्यासाठी.

पण प्लॅनेटलॅबवर होती ती मशिन्स आणि पीएचडीवाले. नॉर्मल माणूस टेस्टबेडमध्ये आला तो जरा नंतर, स्पेनमधल्या सांतांदेरसारख्या ठिकाणी. उत्तर किनाऱ्यावरचं शहर, वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. युरोपियन युनियनच्या पैशातून २०१० पासून तिथल्या कांताब्रिया विद्यापीठाने अख्ख्या शहरात सेन्सर पेरले, हजारोंनी. पार्किंगच्या जागेत डांबराखाली सेन्सर, दिव्याच्या खांबावर सेन्सर, बागेत ओलावा मोजायला सेन्सर. लोकांना ॲपवरून रस्त्यावरचे खड्डे वगैरे पण कळवता यायचे (आपल्याकडे हे सुरू केलं तर सर्व्हर पहिल्या पावसातच झोपेल, असो). एकाच सेन्सर नेटवर्कवर संशोधकांचे प्रयोग पण चालायचे आणि महापालिकेची कामं पण, ही मला त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. शहर रोज वापरतंय म्हटल्यावर कोणीतरी ते नीट ठेवणार. नाहीतर प्रोजेक्टचा फंड संपला की सेन्सर धूळ खात पडतात.

आता आपल्या घराजवळचं. पालघर. आयआयटी बॉम्बेच्या अभय करंदीकर सरांच्या टीमने तिथे ग्राममार्ग नावाचा प्रोजेक्ट केला, आणि मला विचाराल तर या विषयात शिकण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं तिथे आहे. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, पण डोंगर, झाडी आणि विखुरलेले पाडे. सरकारच्या भारतनेट योजनेची इंटरनेटची फायबर ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत येते असं कागदावर धरलं, तरी पाडा तिथून काही किलोमीटर लांब असतो आणि तिथवर केबल ओढायचा खर्च कोण करणार, हा खरा प्रश्न. या मधल्या टप्प्याला मिडल माइल म्हणतात आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

तर त्यांनी आधी टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून बघितल्या. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात टीव्हीचे १५ चॅनल बसतात, आणि आपल्याकडे जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवणारं फक्त दूरदर्शन, त्यामुळे त्यांनी देशभरचा हिशोब मांडला तेव्हा जवळपास सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनल मोकळे निघाले. एवढी जागा नुसती पडून! शिवाय या लहरी वायफायपेक्षा लांब जातात, झाडापानांना फारशा जुमानत नाहीत, म्हणजे पालघरसाठी अगदी हव्या तशा. सात गावांमध्ये टेस्टबेड उभा राहिला आणि चाललासुद्धा. पण मग आलं लायसन्स. प्रयोगाला परवानगी मिळाली, धंद्याला नाही. पुढच्या टप्प्यात २५ गावं जोडायची होती तेव्हा त्यांनी सरळ ५.८ गिगाहर्ट्झचं बिनलायसनचं वायफाय घेतलं, त्याला समोरासमोर दिसणारे अँटेना लागतात, म्हणजे उंच टॉवर आले, म्हणजे खर्च आला. टेक्निकली सरस पर्याय हातात असताना दुसरा घ्यावा लागला, आणि हे कुठल्याही सिम्युलेशनमध्ये दिसलं नसतं, कारण सिम्युलेशनमध्ये सरकारी फाइल नसते.

वीज जाते म्हणून सोलर लागतं. टॉवरची देखभाल कोण करणार, इंटरनेट कोण विकणार, बिल कोण गोळा करणार, ह्याची उत्तरं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाहीत. त्यांनी पंचायतीलाच भागीदार करून घ्यायचं मॉडेल मांडलं, सरकार, खाजगी कंपनी आणि पंचायत असं तिघांचं, आणि गावातलाच एखादा पोरगा किंवा पोरगी कनेक्शन विकून दोन पैसे कमावणार. सरबनी बॅनर्जी बेलूर मॅडम या बाजूचं काम बघायच्या, आणि २०१७ साली मोझिलाच्या (फायरफॉक्स ब्राउझरवाले) इक्वल रेटिंग स्पर्धेत ग्राममार्गला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलर.

आपल्याकडे नंतर ५जीचा मोठा टेस्टबेड पण झाला, आयआयटी मद्रास वगैरे आठ संस्था मिळून, २२० कोटींच्या आसपास खर्च, मे २०२२ मध्ये उद्घाटन. स्टार्टअपना आपलं ५जी सामान परदेशी न पाठवता इथेच तपासून घेता येतं, हे चांगलंच झालं, त्यावर जास्त काही बोलत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. रेडिओ, अँटेना, कोर नेटवर्क, सगळ्याला टेस्टबेड आहे. पण त्या नेटवर्कवरून जी सर्व्हिस शेवटी माणसापर्यंत जाते, पेन्शन, केवायसी, रेशन, तिला कोणत्या माणसांवर तपासलं? बहुतेक वेळा ऑफिसमधल्या पंचविशीतल्या पोरांवर, फुल नेटवर्क आणि नवा कोरा फोन घेऊन.

माझ्या मावशीला काचबिंदूमुळे आता जवळजवळ दिसत नाही. फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) लावून ती सगळं करते, व्हॉट्सॲप तर माझ्यापेक्षा जास्त. पण बँकेच्या ॲपने केवायसीसाठी सांगितलं, चेहरा गोलात ठेवा आणि डोळे मिचकावा. गोल कुठेय ते तिला दिसत नाही, ॲप बोलून काही सांगत नाही, आणि वेळ संपला की परत पहिल्यापासून. मी फोन धरून उभा, डावीकडे घे, वर घे. ती वैतागून म्हणाली, "अरे खातं माझं, पैसे माझे, आणि ह्यांना माझे डोळेच कशाला हवेत?" मला काही उत्तर सुचलं नाही. शेवटी रिक्षा करून ब्रांचमध्ये गेलो. नेटवर्क मात्र सगळा वेळ एकदम फुल होतं.

गंमत म्हणजे हेच प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांनी याचिका केल्या होत्या, आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. एकूण २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याशिवाय जिवंतपणा (कॅमेऱ्यासमोर फोटो नाही, खरा माणूस आहे हे) तपासायचे दुसरे मार्ग द्या, हे त्यात आहेच, पण माझ्या आवडीचा निर्देश वेगळा, ॲप किंवा वेबसाइट बनवताना आणि नवीन फीचर आणताना युजर टेस्टिंगमध्ये दृष्टी नसलेली माणसं घ्या आणि ठराविक काळाने ॲक्सेसिबिलिटी ऑडिट, म्हणजे अपंग माणसांना ते वापरता येतंय का याची तपासणी, करा.

म्हणजे टेस्टबेडच की हा. यात टॉवर नाही, लायसन्सची कटकट नाही, २२० कोटी पण नाहीत. मावशीसारखी दहा-बारा माणसं, त्यांचे स्वतःचे जुने फोन, कमी रेंजची एखादी खोली, आणि त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे. हो, पैसे, सर्व्हर वापरायला देणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळायचं तसं यांनाही मिळायला हवं, फुकट चहा पाजून फीडबॅक घ्यायची आपली सवय मला पटत नाही. मावशीला विचारलं तर ती एका पायावर तयार आहे, फक्त म्हणाली सकाळी अकराच्या आत नको, सिरीयलचा रिपीट असतो.