नव्वद दिवसांचा हिशेब

आमची लेक जर्मनीत म्युनिकला असते. नातवाच्या जन्मापासून आम्हा दोघांच्या सांगलीहून तिकडे फेऱ्या सुरू झाल्या. दोन शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) नियमाप्रमाणे वापरल्यामुळे तिसऱ्या खेपेस आम्हाला दोन वर्षांचा, कितीही वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळाला. (भारतीयांसाठी ही सवलत एप्रिल 2024 मध्ये आली.) ‘आता दोन वर्षे खुशाल राहा,’ असे विश्रामबागेतले शेजारी म्हणाले, तेव्हा क्षणभर आम्हालाही तसेच वाटले होते.

परंतु व्हिसाची मुदत वेगळी आणि मुक्कामाची मुभा वेगळी. तिथे असताना कोणत्याही दिवशी, तो दिवस धरून मागच्या 180 दिवसांत मुक्काम 90 दिवसांहून अधिक भरता कामा नये, आणि यात उतरल्याचा व परतीचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. 2025 मध्ये आम्ही 1 मार्च ते 29 एप्रिल असे 60 दिवस राहून आलो. पुढच्या खेपेस तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी, 1 जुलैला नवी सहामाही लागते आणि नव्वद दिवस पुन्हा पूर्ण मिळतात, असे ठामपणे सांगून पोहोचण्यासाठी 1 जुलै आणि परतीसाठी 25 ऑगस्ट ही तारीख घेतली. लेकीने युरोपीय आयोगाच्या गणकयंत्रावर तारखा घालून पाहिल्या तेव्हा कळले की मार्चचा पहिला दिवसदेखील 27 ऑगस्टपर्यंत हिशेबात राहणार होता, म्हणजे आम्हाला 30 जुलैलाच निघणे भाग होते. तारीख बदलण्याचे पैसे गेले. पण अधिक राहिलो असतो तर पुढचे व्हिसाच धोक्यात आले असते. चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊन यावे, असेही कुणी सुचवले. परंतु तो देशही शेंगेनमध्येच असल्याने त्याने एक दिवसही वाचत नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून तर सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे.

नातवाला आमची सवय होते न होते तोच निघायची वेळ येते. पाहुणे म्हणून जाण्यासाठी हा व्हिसा उत्तम आहे, पण नातवंड सांभाळायला जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

जर्मनीच्या बदललेल्या कायद्यानुसार, कुशल कर्मचारी म्हणून 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर प्रथमच निवास परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचे बोलावता येते. लेकीचे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा निवास परवाना) 2021 चे असल्यामुळे आमची निराशा झाली होती. मात्र जोडीदार तिथे कायम राहत असल्यास सासूसासऱ्यांनाही ही सोय लागू होते आणि जावयांना परवाना 2024 च्या मे महिन्यात मिळाला आहे. खरी अडचण आरोग्य विम्याची आहे. मुलांच्या सरकारी विम्यात आईवडील समाविष्ट होत नाहीत, त्यामुळे आमच्या वयाला स्वतंत्र विमा घ्यावा लागेल आणि आमच्या खर्चाची तजवीजही दाखवावी लागेल. जावई सध्या विम्याचे दर मागवत आहेत.

आमच्या नात्याचा पुरावा म्हणून लेकीचा जन्मदाखला मिळवण्याचे इकडचे काम माझ्याकडे आहे. लेकीची जन्मनोंद बारशाआधीच झाल्यामुळे तिच्या दाखल्यावर नावाची जागा आजवर कोरीच होती. ते नाव घालून घेण्यासाठी मी गेल्या सोमवारी महापालिकेत अर्ज दिला असून, तो दाखला हाती येईपर्यंत पुढचे तिकीट काढायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.